तेराव्याचा ब्रेकर

तुमच्या रोजच्या रस्त्यावरच्या ज्या बिनपट्ट्यांच्या ब्रेकरवर आदळून तुम्ही बांधणाऱ्याच्या सात पिढ्या उद्धरता, तो कोण गेल्यावर बांधला हे तुम्ही कधी विचारलंत का?

आमच्याकडे विचारतात. पालघरहून मनोरच्या बाजूला निघालं की वाघोबाची खिंड उतरल्यावर मासवणपर्यंत अधूनमधून असे उंचवटे लागतात. गाडीत गावातलं माणूस असेल तर ते सांगतं, हा अमक्या पाड्यावरच्या म्हाताऱ्याचा, तो दूधवाल्याचा. आमच्या भागात रस्त्यावर माणूस गेला की त्याच्या तेराव्याला ब्रेकर होतो. सभा भरत नाही, कोणी ठराव करत नाही. जेवणं उरकतात, पत्रावळी उचलल्या जातात आणि पुरुष घमेली, फावडी घेऊन रस्त्यावर उतरतात. कोणाच्या घराचं काम चालू असेल तर तिथली खडी येते, अर्धी उरलेली सिमेंटची गोणी येते. दिवस मावळायच्या आत रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत एक आडवी पाठ तयार होते. ओलं सिमेंट चाकाखाली जाऊ नये म्हणून दोन दिवस त्याच्या अलीकडे-पलीकडे झाडाच्या फांद्या टाकतात. सिमेंट धरलं की फांद्या काढून घेतात.

त्या दोन दिवसांतच काय तो ब्रेकर सगळ्यांना दिसतो. हे मला फार उशिरा कळलं.

मी पत्रकांवर वाढले. बाबा बोईसरला एका कारखान्यात होते आणि ड्यूटी संपल्यावर युनियनचं काम करायचे. घरात गोष्टींची पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. वाटून उरलेली पत्रकं आई सुक्या मासळीच्या डब्यात तळाशी घालायची. ‘कामगार बंधूंनो, जागे व्हा’ या ओळीवर बोंबील निजलेले असायचे. अक्षरओळख मला तिथूनच झाली. त्यामुळे कुठेही काही बिघडलं की त्याला जबाबदार कोण, हा प्रश्न माझ्या तोंडून पहिला निघतो आणि उत्तर शोधायला मला फार लांब जावं लागत नाही. रस्त्याच्या बाबतीत तर नाहीच. मी रोज स्कूटरवरून बोईसरला कामाला जाते. औद्योगिक वसाहतीकडे निघालेले टँकर कसे चालतात, ते बघते. ड्रायव्हरला झोप मिळालेली नसते, मालकाला माल वेळेवर हवा असतो. खड्डे बुजवतात ते पुढच्या पावसापर्यंत टिकतील इतकेच. आठ जणांच्या जागेत पंधरा जण बसवून निघालेल्या जीपला हात दाखवून थांबवणारा कोणी नसतो आणि हेल्मेट नसलेल्या कामगाराला अडवायला मात्र नाक्यावर तिघे उभे असतात. यातलं काहीच मी रागाच्या भरात लिहीत नाही. कोणीही सकाळी बोईसर स्टेशनच्या बाहेर थोडा वेळ उभं राहून बघावं.

आमच्या शेजारच्या काकीची मुलगी नववीत होती. शाळेतून एसटीनं यायची, थांब्यावर उतरायची आणि रस्ता ओलांडून पाड्याच्या वाटेला लागायची. थांबा एका मोठ्या चिंचेखाली आहे. त्या दिवशी ती एसटीच्या मागून रस्ता ओलांडायला निघाली आणि समोरून डंपर आला. एवढंच. बाकीचं मी लिहिणार नाही, काकी आमच्याच गावात राहते.

त्या तेराव्याला ब्रेकर झाला तो चिंचेच्या समोरच. त्याआधी पंचायतीतून अर्ज गेला होता, मी पत्रक लिहिलं होतं, बाबांनी ते बोईसरला आणि पालघरच्या चार रस्त्यावर वाटलं होतं. साहेब येऊन बघून जातील, असं उत्तर आलं. साहेब आले नाहीत, तेरावा आला. काकीचा नवरा एरवी चार माणसांत तोंड न उघडणारा माणूस, पण त्या दिवशी सगळ्यांत जास्त खडी त्यानं वाहिली. काकी मंडपातून उठून रस्त्याच्या कडेला येऊन बसली आणि ब्रेकर पुरा होईपर्यंत बघत राहिली. पुढे कितीतरी दिवस भाताच्या खाचरात काम करताना ती मध्येच ताठ उभी राहायची. रस्त्यावरून जाणारा ट्रक हळू झाला, त्याचा धडधड आवाज दोनदा आला की पुन्हा वाकायची. पुढची चाकं, मागची चाकं. तिच्या मुलीच्या नावानं या जगात तेवढंच झालं होतं.

आता मावशीबद्दल. ती किनाऱ्यावरच्या सातपाटीची. वर्षानुवर्षं आमच्या पाड्यांवर सुकी मासळी घेऊन यायची, म्हणून ती सगळ्या गावाची मावशी. सकाळी एसटीनं यायची, चिंचेखाली उतरायची, डोक्यावर पाटी घ्यायची आणि दुपारपर्यंत पाडे फिरून परतीची गाडी पकडायची. वैशाखात तिची घाई असायची, कारण पावसाळ्याची बेगमी तेव्हा होते. पाऊस लागला की बोटी किनाऱ्याला येतात, आणि मग चार महिने डोंगराकडच्या घरात मासळी म्हणजे मावशीनं देऊन ठेवलेली. तिचं तोंड फटकळ. आमच्या आईनं सुकट हातात घेऊन वास घेतला की म्हणायची, “वास काय घेतेस गो? नवरी बघायला आलीस का?” आणि मी स्कूटरवर हेल्मेट घालून निघाले की, “ही बघा, मडकं घालून निघाली. माज्या डोक्यावर एवडी पाटी असते, मला कोन पोलीस धरत नाय.”

“मावशी, पाटीनं डोकं वाचत नाही,” मी म्हणायचे.

“पाटीनं पोट वाचतं, बाय. डोकं मागून.”

गेल्या वर्षी सकाळची ती एसटी बंद झाली. का झाली ते कोणी सांगितलं नाही. पुढची गाडी ऊन चढल्यावर यायची, आणि तोवर अर्धा गाव कामावर गेलेला असायचा. म्हणून वैशाखात मावशी मुलाच्या मोटरसायकलवर मागे बसून यायला लागली. एका बाजूला पाय सोडून बसायची, मांडीवर मासळीचा टब, टबाला दोन्ही हातांनी मिठी. म्हणजे धरायला हात उरलेला नाही. आमच्या रस्त्यावर निम्म्या बायका अशाच बसतात. कोणाच्या मांडीवर मूल असतं, कोणाच्या मांडीवर तांदळाची गोणी.

त्या सकाळी मुलाऐवजी तिचा भाचा या रस्त्यावर पहिल्यांदाच गाडी घेऊन आला होता. मुलाला ब्रेकर ठाऊक होता, भाच्याला नव्हता. चिंचेची सावली सकाळी बरोबर रस्त्यावर आडवी पडते, ठिपक्याठिपक्यांची. त्या सावलीत करड्या सिमेंटचा उंचवटा चाकं घासून डांबरासारखाच काळा झालेला. भाच्यानं गाडी उडाल्यावरच ब्रेक दाबला. तो गाडीसकट पुढे घसरत गेला, त्याला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. मावशी मात्र ब्रेकरच्या पुढे रस्त्याच्या मधोमध पडली. मी नुकतीच पाड्यावरून स्कूटर काढत होते. मी पोचले तेव्हा ती कुशीवर पडलेली होती आणि तिच्या चारी बाजूंना जवळा पसरलेला, जणू कोणी रस्त्यावर वाळत घातला होता.

“टब बघ,” ती म्हणाली. “टब फुटला का बघ.”

तिचं खुब्याचं हाड मोडलं होतं.

तिला पालघरला दवाखान्यात नेलं, पुढे शस्त्रक्रियेसाठी आणखी लांब. इकडे गावात दुसऱ्याच दिवशी माणसं चिंचेखाली जमली. मावशी सगळ्यांची होती, सगळ्यांना वाईट वाटलं होतं, आणि वाईट वाटलं की आमच्याकडे माणसांचे हात फावड्याकडे जातात. ब्रेकर फोडायचा ठरला. कोणीतरी पहारही आणली. तेवढ्यात काकी आली आणि ब्रेकरवर बसली. रडली नाही, ओरडली नाही. पदर डोक्यावरून घेतला आणि रस्त्याच्या मधोमध बसून राहिली. दोन्हीकडे गाड्या थांबल्या, हॉर्न वाजायला लागले.

“काकी, उठ. गाडी अंगावर येईल,” बाबा म्हणाले.

“हितं नाय येत,” काकी म्हणाली. “हितं थांबतात.”

 पहार आणणारा पहार घेऊन गेला.

पण त्या दिवसापासून काकीला स्वस्थता नव्हती. खाचरात आता ती चाकांचा आवाज ऐकायला उभी राहीना. मी कामावरून आले की येऊन विचारायची, मावशी कशी आहे, चालते का. शेवटी एका रविवारी मला म्हणाली, “मला सातपाटीला ने. मला तिला तोंड दाखवायचं हाय.”

मी तिला स्कूटरवर घेऊन गेले. ती एका बाजूला पाय सोडून बसायला लागली, तर मी तिला साडी सावरून दोन्हीकडे पाय टाकून बसायला लावलं आणि आईचं हेल्मेट घातलं. लाजून ती गावाबाहेर पडेपर्यंत मान खाली घालून होती. वाटेत प्रत्येक ब्रेकरवर ती माझा खांदा घट्ट धरायची.

सातपाटीत मावशी घराच्या ओट्यावर खुर्चीत बसली होती, शेजारी वॉकर. समोर बांबूच्या वलांडीवर बोंबील टांगलेले, आणि ती बसल्या जागेवरून सुनेला, असे नाय तसे, म्हणून सांगत होती. आम्हाला बघून म्हणाली, “आली का माझी गिऱ्हाइकं? आता तुमीच यायचं हितं. मी राणीसारकी बसून विकनार.”

काकी ओट्याखालीच उभी राहिली. घरून पाठ करून आणल्यासारखी म्हणाली, “मावशी, तुमचा पाय माझ्या पोरीपायी गेला. गावाला सांगते, ब्रेकर फोडून टाका. मीच पयली पहार घालते.”

 मावशी म्हणाली, “वर ये. बस. उनात उभी राहून काय बोलतेस?” काकी वर येऊन जमिनीवर बसली. “पोरीचं नाव मधी आनू नको. आनलंस तर सुकट देनार नाय तुला. ऐक, तुला कोनी सांगितलं नसंल. मी पडले ना, तवा मागून टँकर येत होता. मला तो दिसत होता, मी त्याच्याकडंच तोंड करून पडलेले. त्यानं मला नाय बघितलं. ब्रेकरसाठी थांबला, रोजचा असंल, त्याला ठाऊक. मग मला बघितलं. तुझा ब्रेकर नसता तर हाड मोडायला मी उरली नसती.”

काकीनं हात पुढे करून वॉकरची दांडी धरली.

“फोडायचा नाय,” मावशी म्हणाली. “पन मला एक सांग. तुमच्या गावात चुना नाय का? गनपतीला घर रंगवता, तुळशीला रंगवता, झाडांना पट्टे मारता. आनि त्यालाच तेवडा काळा ठेवला? कोनापासून लपवायचा होता?”

 याचं उत्तर मला परतीच्या वाटेवर मिळालं, तेही असं की कुठल्या पत्रकात लिहिता येणार नाही. आम्हाला तो ब्रेकर रंगवावासा वाटला नाही, कारण आम्हाला तो दिसायची गरजच नव्हती. तो कुठे आहे हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. डोळे मिटून गाडी चालवली तरी तिथे आमचा पाय ब्रेकवर गेला असता. ज्या माणसाला आमची मुलगी दिसली नाही, त्या परक्या माणसाला अडवायला तो बांधला. आणि परक्या माणसाला डोळ्यांनीच बघावं लागतं, त्याला आमची आठवण नसते, हे तेराव्याला जमलेल्या एवढ्या माणसांत एकालाही सुचलं नाही. चुना प्रत्येक घरात होता. खंत वाटते ती याचीच. डंपरच्या मालकाशी, न आलेल्या साहेबाशी, बंद झालेल्या एसटीशी भांडायला आम्हाला वर्षं लागतील आणि भांडावंच लागेल. पण या एका गोष्टीला एक बादली पुरली असती.

तरी मी आधी पालघरला बांधकाम खात्याच्या कार्यालयातच गेले, कारण रस्ता त्यांचा आहे. ब्रेकरला रंग द्या आणि अलीकडे पाटी लावा, एवढंच मागणं. टेबलामागच्या बाबूंनी शांतपणे ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता, चहासुद्धा विचारला.

“मॅडम, तिथे गतिरोधक नाही.”

“आहे. त्यावर माणूस पडलं आहे.”

“आमच्याकडे नोंद नाही. म्हणजे तो अनधिकृत आहे. अनधिकृत असेल तर आम्हाला तो काढावा लागेल.”

“मग काढा आणि नियमाप्रमाणे दुसरा बांधा.”

“त्यासाठी पाहणी व्हावी लागते.”

“पाहणी कधी होईल?”

“ते वरून येतं.”

“तोवर पट्टे तरी मारा.”

“जे नाहीच, त्याला पट्टे कसे मारणार?”

मी बाहेर पडले आणि चार रस्त्याच्या गर्दीत स्कूटर घेऊन बराच वेळ उभी राहिले. मुलगी मेली तेव्हा रस्ता त्यांच्या हिशेबी ठीक होता, आणि मावशी पडली ती तर नसलेल्या वस्तूवर. कागदावर आमच्या गावाजवळ काहीच घडलेलं नव्हतं.

पावसाच्या आधी आम्ही ब्रेकर रंगवला. बाबा आणि आणखी एक जण दोन्ही बाजूंना लांबवर लाल फडकी घेऊन उभे राहिले, मधल्या वेळात काकीनं चुना मारला. पट्टे सरळ आले नाहीत, कुठे जाड, कुठे बारीक. काकीनं चिंचेच्या बुंध्यालाही पट्टा मारला, म्हणजे लांबूनच कळावं. पहिल्याच मोठ्या सरीत चुना धुऊन गेला. काकीनं उघडीप बघून पुन्हा मारला. तो गेला. पावसाळाभर ती मारत राहिली आणि पाऊस धुत राहिला. पुढे बाबांनी बोईसरहून रस्त्याचा खरा पिवळा रंग आणला, तो मात्र अजून आहे. गणपतीत गाड्या घेऊन मुंबईहून आलेले लोक तिथे आधीच हळू होताना मी पाहिले. त्यांना माहीत नव्हतं तिथे कोण गेलं. माहीत असायची गरजही नव्हती.

हे सगळं वेळेवर झालं असतं तर मी हे लिहीतही नसते.

मावशी पुन्हा आली नाही. ती चालते, पण काठी घेऊन, सातपाटीतल्या सातपाटीत. मोटरसायकलवर ती आता बसत नाही, आणि सकाळची एसटी अजून सुरू झालेली नाही. मी तिला आमच्या गावात आणायचं म्हणून रिक्षा ठरवली होती. ती हसून म्हणाली, “रिक्षातून उतरून पाटी कोन उचलनार, तू?” मी उचलते म्हणाले. “मग तूच जा विकायला. मी कशाला येऊ नुसती बघायला?” या वैशाखात आईनं बेगमीची सुकट बोईसरच्या दुकानातून आणली, प्लॅस्टिकच्या पुड्यांमधून. पिशवीबंद मालाचा वास घेता येत नाही, आणि वास घेतला म्हणून टोमणा मारणारंही कोणी नाही. पाड्यावरच्या म्हाताऱ्या बायका सकाळी चिंचेकडे बघतात. त्यांना ठाऊक आहे कोणी येणार नाही, तरी बघतात. तिथे आता लांबून चमकणारे पिवळे पट्टे दिसतात. मावशीनं ते एकदाही पाहिलेले नाहीत.

काकीला मी विचारलं, पुढच्या पाड्यावर कोणी गेलं, तेरावा झाला, माणसं फावडी घेऊन निघाली, तर काय सांगशील? ती म्हणाली, “सांगेन, आधी रंग आना. मग खडी.”

म्हणून हे वाचणाऱ्या प्रत्येकाकडे माझं मागणं आहे. सफाळ्याकडचे असा, मासवणचे असा, बोईसरचे असा की आणखी कुठले, उद्या सकाळी आपल्या घराजवळच्या ब्रेकरपाशी जा. झाडाची सावली पडलेली असेल त्या वेळेला जा, आणि या रस्त्यावर पहिल्यांदाच आलो आहोत असं समजून दुरून बघा. दिसला नाही तर माघारी फिरू नका. दोघांना लाल फडकं देऊन दोन्ही बाजूंना उभं करा आणि पट्टे मारा. पावसानं धुतले तर पुन्हा मारा. त्याच आठवड्यात कार्यालयात जाऊन तो नोंदवायला लावा, पाटी मागा, आणि नाही म्हणाले तर दुसऱ्या दिवशी गावातली आणखी चार माणसं घेऊन जा.